बापाची खूण

आमच्या वस्तीत जन्मलेल्या प्रत्येक पोराला दोन आत्या मिळत. एक बापाची बहीण, असली तर. आणि दुसरी चुनाआत्या, ती असायचीच. म्हातारा गवंडी तिच्याहून वयानं मोठा, गुडघ्यांनी तर फारच मोठा, पण तोही तिला आत्याच म्हणे. कुणी हसलं तर सांगे, "नातं चुन्याचं आहे बाबा. रक्त धुतलं की जातं. चुना धुवून बघ."

ती बुटकी, रुंद खांद्यांची. पापण्यांवर बारा महिने पांढरी भुकटी. तळहातांवर रेषाच नव्हत्या. चुन्यानं त्या कधीच खाऊन टाकल्या होत्या. एकदा बाजारात हात बघणारा बसला होता, त्याच्यापुढं हिनं दोन्ही पंजे पसरले आणि म्हणाली, "वाच." त्यानं तळवे उलटे केले, सुलटे केले, उन्हाकडं धरले आणि शेवटी म्हणाला, "बाई, तुमचं भविष्य पुसलं गेलंय." "मग पैसे कशाचे घेतोस? भूतकाळ मला पाठ आहे," असं म्हणून ही हसत निघून आली. ही गोष्ट ती स्वतःच रंगवून रंगवून सांगे. पुढं पुढं सांगेनाशी झाली.

तिचं लग्न झालं होतं. नवरा माणूस चांगला, पण त्याला चुन्याच्या वासानं शिंका येत. शिंका काही थांबेनात, तेव्हा हीच तिथं थांबली नाही. बापाच्या भट्टीवर परत आली. पुढं भाऊ आणि भावजय एकापाठोपाठ तापानं गेले आणि त्यांची दोन पोरं, एक भाचा आणि एक भाची, हिच्या पदरात पडली. हिनं ती वाढवली. भाचा होडीवर गेला. भाची शिकली आणि बंदराच्या शहरात, समुद्राचं पाणी तपासायच्या कचेरीत लागली. आत्या सांगायची, "एकजण समुद्रातून मासा काढतो, दुसरी समुद्रातून दोष काढते. आणि मी उरलेली हाडं जाळते."

हाडं म्हणजे शिंपले.

भट्टी वस्तीच्या टोकाला, खाडीच्या तोंडाशी होती. गोल, दगडी, पुरुषभर उंच, वरून उघडी. खाली एक तोंड, त्यातून कोळसा आत सारायचा. वरून शिंपले भरायचे, काठोकाठ. आग धरली की शिंपले तडतडायला लागत, आणि जसजसे भाजत तसतसा ढीग खाली बसत जाई. भट्टीच्या आतल्या अंगाला, काठापासून हातभर खाली, तिच्या बापानं एक काळा दगड बसवला होता. ढीग काळ्या दगडापर्यंत उतरला की चुना झाला. मग तोंड मातीनं लिंपायचं आणि भट्टी आपोआप निवू द्यायची. ढीग दगडाच्या वर राहिला तर चुना कच्चा. खाली गेला तर करपला. एवढंच शास्त्र. बापाची वाचा मरणाआधीच गेली होती. त्यानं शेवटच्या दिवशी अंथरुणातून हात उचलला आणि हवेत एक आडवी रेघ ओढली. घरातले सगळे एकमेकांकडं बघत राहिले. हीच पुढं झाली आणि म्हणाली, "काळा दगड. कळलं मला." मग त्यानं हात खाली ठेवला.

त्या दगडाच्या खुणेवर आमची सगळी घरं उभी राहिली. भिंतींचा गिलावा तिचा, विहिरींचे कठडे तिचे. दीपगृहाखाली जुनं पाण्याचं टाकं आहे, ते तिच्या आज्यानं भाजलेल्या चुन्याचं. त्याच्यातून आजवर थेंब झिरपला नाही.

आता शिंपला नेमका कधी बदलला, हे कुणालाच सांगता येणार नाही. केस पिकतात तसा तो बदलला. आम्ही पोरं होतो तेव्हा अनवाणी खडकावर गेलं की शिंपल्याच्या धारेनं तळपाय कापायचा, आणि आई जखमेआधी पाठीवर औषध द्यायची. आमच्या नातवंडांच्या पायाखाली तोच शिंपला सुक्या पानासारखा चुरला जाऊ लागला. पोरांचे पाय वाचले म्हणून आम्हाला बरंच वाटलं.

भाची सुटीला येई तेव्हा काचेच्या छोट्या बाटल्या घेऊन येई. गुडघाभर पाण्यात उभी राहून भरे, झाकणं लावी. एकदा ती भट्टीपाशी आली, ढिगातून एक शिंपला उचलला आणि सूर्याकडं धरला.

"आत्या, हा बघ. पलीकडची बोटं दिसतात."

"दिसू देत. पातळ शिंपला लवकर भाजेल. तेवढाच कोळसा कमी."

"अगं, समुद्र बिघडलाय. गाड्या, कारखाने, वीजघरं, साऱ्या जगाचा धूर शेवटी ह्याच्या पोटात मुरतो. पाणी आंबटीकडं चाललंय. तसल्या पाण्यात ह्यांना कवच धरत नाही."

"आंबट? सत्तर वेळा तोंडात गेलंय माझ्या. खारटच लागतं."

"तुझ्या जिभेला नाही कळणार. शिंपल्याला कळतं." मग भाची जरा घुटमळली. "आणि रागावू नकोस. ह्या शिंपल्यात जो वायू बांधलेला असतो ना, तोच तू भाजून मोकळा करतेस. वर कोळशाचा धूर वेगळा."

आत्यानं कमरेवर हात ठेवले. "म्हणजे समुद्र मी बिघडवला?"

"तुझी भट्टी केवढी! समुद्रात थुंकल्याएवढी."

"मग थुंकू दे. बाकीचे त्यात काय काय करतात ते आधी बघून ये."

दोघी पोट धरून हसल्या. पण त्यानंतर कधी कधी भट्टी पेटली की आत्या धुराकडं मान वर करून बघत उभी राहायची. पूर्वी ती फक्त वारा कुठला आहे एवढंच बघे.

समुद्र नुसता बिघडला नाही, तो जवळही आला. आधी जाळी वाळवायची पट्टी गेली, मग शाळेचं मैदान. गोलपोस्टचा एक खांब बरीच वर्षं पाण्यात उभा होता, त्यावर बगळा बसे. आम्ही त्याला गोलकीपर म्हणायचो. हसू येईतो आम्ही हसलो. मग विहिरी फिरल्या. एकेक करून, घरातली माणसं रुसावीत तशा. आज पाणी गोड, उद्या मचूळ, पुढल्या उधाणाला खारं. पाण्याची गाडी येऊ लागली. कधी येई, कधी नुसती येणार असे. सरकारी सिमेंटची टाकी बांधली होती, पण खाऱ्या हवेनं तिच्या पोटातलं लोखंड गंजून फुगलं आणि टाकी उकललेल्या शेंगेसारखी झाली.

भाच्याची बायको पहिल्यांदा गरोदर होती ती ह्याच दिवसांत. गाडी नसली की विहिरीचंच प्यायचं. तिचे पाय सुजले, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली, रक्तदाब चढला. मूल पोटातच गेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, "हे खारं पाणी तिला पुन्हा प्यायला लावू नका." आत्यानं ते ऐकलं. घरी येऊन तिनं सगळ्या बादल्या उपड्या घातल्या.

त्यानंतरचा उन्हाळा आमच्यातला कुणी विसरणार नाही. समुद्र तापला. होडीवाले सांगत, जाळं ओढताना हाताला पाणी कोमट लागतं, आजाऱ्याच्या कपाळासारखं. एका दुपारी ओहोटी लागली, खडक उघडे पडले, आणि त्या खडकांवरचे सगळेच्या सगळे शिंपले तोंड वासून मेले. मैलभर. वास असा सुटला की कुत्रीसुद्धा तिकडं जाईनात. मग भरतीनं ते सगळं उपसून किनाऱ्यावर आणून टाकलं. पांढरा बांधच्या बांध.

आत्या तोंडाला फडकं बांधून त्या ढिगांपुढं उभी राहिली. तिच्या बापाच्या हयातीत एवढा माल एका वेळी आला नव्हता. आनंद करावा की छाती बडवावी, हे तिला कळेना. शेवटी फावडं उचलून म्हणाली, "मेलेत ते मेलेत. ह्यांचं काहीतरी चांगलं करूया."

ते चांगलं काय, हे शाळेच्या पत्र्याखालच्या बैठकीत ठरलं. वस्ती सोडायची का राहायचं, एवढ्यासाठीच माणसं जमली होती. भाचा उभा राहिला. तो मुळात कमी बोलणारा.

"शहरात गोदामात काम मिळतंय. खोली बघून ठेवलीय. आम्ही निघतो."

"पाणी असलं तर राहशील?" आत्यानं बसल्या जागेवरून विचारलं.

"असलं तर ना. कुठून आणणार? समुद्र उकळणार?"

"टाकी बांधू. विटेची आणि चुन्याची. अर्धी जमिनीत, अर्धी वर. पत्र्यांवरचं पावसाचं पाणी त्यात सोडू, कमी पडलं तर गाडीचं. लोखंडाचा खिळासुद्धा घालायचा नाही. गंजायलाच काही नाही, तर फुटेल कशी?"

गवंड्यानं मान डोलावली. "दीपगृहाखालचं टाकं अजून सुकं ठणठणीत आहे बाहेरून. हिच्या आज्याचा चुना."

"आणि ह्या वेळी माझा," आत्या म्हणाली. "टाकी गळली तर मला धरा."

भाच्यानं तिच्याकडं बघितलं. आईच्या जागी होती ती. "तुझ्या शब्दावर थांबतो," तो म्हणाला. "पण आत्या, दुसऱ्यांदा मला तसलं बघवणार नाही."

"मला पहिल्यांदाच बघवलं नाही," ती म्हणाली.

असं ते सगळं तिच्या एका भट्टीवर येऊन टेकलं. भाचा थांबला म्हणून त्याचे दोन सोबती थांबले. ते थांबले म्हणून दुकान थांबलं. दुकान आहे म्हणून बाकीचे.

भट्टी भरायला सगळी वस्ती आली. शिंपले काठोकाठ भरताना आत्याला एक गोष्ट खटकली: नेहमीपेक्षा पाट्या जास्त लागत होत्या. जाड शिंपला कसा, एकमेकाला अंग लागू न देता पोकळ बसतो, गर्दीतल्या भांडखोर बायांसारखा. हे पातळ पत्त्यांसारखे एकावर एक चिकटून बसत होते. "गुणी आहेत," ती म्हणाली, आणि पहाटेच आग दिली.

सकाळ गेली. तडतड चांगली चालली होती. दुपारी ती मंदावली आणि थांबली. ढीग काही खाली उतरेना. काळा दगड अजून वीतभर खालीच होता. आत्या शिडीवर चढून वाकून बघे, खाली उतरे, कोळसा सारे, पुन्हा चढे. भाची मुद्दाम रजा काढून आली होती. ती तोंडापाशी बसून ऐकत होती.

"आवाज थांबलाय आत्या. भाजून झालं असेल."

"आवाजावर चुना होत नाही. दगडावर होतो."

"अगं, पण तो दगड जाड शिंपल्यासाठी बसवलाय. पोकळ रचलेला ढीग खाली बसतो. हा आधीच दाबून बसलाय, ह्याला उतरायला जागाच कुठं आहे? चिमट्यानं एक काढून तर बघ."

"धगधगता ढीग मधेच उचकटला की वारा शिरतो, सगळा माल कच्चा राहतो. माझ्या बापानं कधी उचकटला नाही."

"तुझ्या बापाच्या वेळी समुद्र वेगळा होता."

आत्या शिडीवरून खाली आली. घामानं तोंडावरच्या भुकटीचे ओघळ झाले होते. "एवढी वर्षं ह्या दगडानं कधी खोटं सांगितलंय का? सांग. एकदा तरी?"

"खूण जुन्या शिंपल्याची आहे गं."

"खूण माझ्या बापाची आहे."

आत्यानं फावडं उचललं आणि आणखी कोळसा सारला. भाचीनं मग वाद घातला नाही. तिनंही दुसरं फावडं घेतलं. आत्यानं एकटीनं राबावं, हे तिला बघवत नव्हतं. दिवस मावळायच्या बेताला कोळशाची शेवटची रास संपली आणि ढीग कुरकुरत एकदाचा काळ्या दगडाला टेकला. आत्यानं शिडीवरूनच सगळ्यांना हात दाखवला. हवेत एक आडवी रेघ. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते धुरानंच आलं असं मी म्हणणार नाही.

भट्टी निवल्यावर चुना बाहेर काढला. पांढरा होता, पण त्यावर किंचित राखी झाक होती, आणि पाटीत पडताना तो खळखळ वाजत होता. चांगल्या भाजलेल्या चुन्यावर पाणी घातलं की तो ताबडतोब सुसकारा टाकतो, फुगतो, वाफाळतो, फुटून लोण्यासारखा होतो. ह्याच्यावर पाणी घातलं आणि तो गप्प बसला. गवंड्यानं काठीनं ढोसलं.

"ए आत्या, झोपलाय हा."

"एवढ्या उन्हात मेलाय आणि एवढ्या आगीतून आलाय. तुलाही झोप लागली असती. सावकाश उठेल."

सावकाश तो उठला. वाफा आल्या, फुगला. गाळताना चाळणीवर काही राहिलं नाही, म्हणून सगळ्यांनाच बरं वाटलं. एरवी न विरलेला खडा चाळणीवर अडकतो आणि फेकून देता येतो. पण ह्या शिंपल्याचे न विरलेले कण होतेच पापुद्र्याएवढे. ते चाळणीतून सरळ खाली गेले. हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही. जुन्या रीतीनं विरवलेला चुना खड्ड्यात वर्षभर निजवायचा असतो. गवंड्यानं तशी आठवण करून दिली. आत्या म्हणाली, "वर्षानं इथं राहायला कोण असेल?" तेही खरंच होतं.

टाकी देखणी झाली. आतून गिलावा असा गुळगुळीत की पोरं त्यात शिरून आवाज देत आणि आवाज गोल फिरून परत येई. पावसानं ती भरली. ज्या सकाळी नळ सोडला त्या सकाळी आत्यानं पहिला पेला सुनेच्या, म्हणजे भाच्याच्या बायकोच्या हातात दिला. सुनेनं तो संपवला, पुन्हा भरून घेतला, आणि म्हणाली, "ह्याला चवच नाही." आम्ही सगळे हसलो. पाण्याला चव नसणं ही केवढी चैन आहे, हे खारं प्यायलेल्यालाच कळतं.

मग चांगले दिवस आले. आले म्हणजे खरंच आले. दुकानदारानं फळीला रंग दिला. भाच्यानं शहरातली खोली सोडून दिली. थंडी सरताना सुनेनं आत्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि आत्या त्या दिवशी भट्टीवर न जाता घरीच बसून राहिली, नुसती, हात मांडीवर ठेवून.

उन्हं तापायला लागली तसा टाकीतून अधूनमधून आवाज येऊ लागला. टक. सुक्या लाकडाला चिर जावी तसा. "सरडा असेल," कुणीतरी म्हणालं. टक. पाणी कमी होऊन उघड्या पडलेल्या भिंतीवर पांढरे टपोरे फोड दिसायला लागले, देवीच्या रोग्याच्या तोंडावर यावेत तसे. पुढल्या उधाणाला खाडी टाकीच्या पायथ्यापर्यंत आली.

त्यानंतरच्या सकाळी आत्या हात धुवायला बसली आणि साबणाला फेस येईना. तिनं पुन्हा चोळला. पाणी पांढुरकं झालं, चिकट झालं, पण फेस नाही. खाऱ्या पाण्याला साबण लागत नाही, हे आमच्या वस्तीत पोरालाही ठाऊक. मग उठून गवंड्याच्या दारात गेली आणि म्हणाली, "तुझी कर्णी घे. चल."

दोघं टाकीत उतरली. गवंड्यानं एका फोडाखाली कर्णीचं टोक घातलं. गिलाव्याची खपली निघाली, मागं वीट ओली होती, आणि खपलीच्या पोटात मिरीएवढा एक राखी कण. आत्यानं तो आपल्या ओल्या तळहातावर ठेवला. काही झालं नाही. दोघं बघत राहिली. मग हळूहळू तो कण गरम व्हायला लागला, आणि टक करून तिच्या तळहातावर फुटला.

"आत्ता उठतोय हा," गवंडी म्हणाला.

"करपवला मी. करपलेला चुना उशिरा जागा होतो. आणि जागा झाला की फुगतो." ती भिंतीवर हात फिरवत होती. "सगळ्या भिंतीत आहे. विटांच्या सांध्यांतसुद्धा. सांधे फुटलेत, त्यातूनच खाडी आत आली."

गवंडी खाली बसला. त्याचे गुडघे वाजले. "हे बघ, तू आणि मीच आहोत इथं. भेगा लिंपून घेऊ. लोकांना म्हणू, तळ गाठला म्हणून पाणी मचूळ लागतंय. पाऊस यायला किती वेळ आहे आता?"

"आणि तोवर सून काय पिईल?"

"तिला वेगळं गाडीचं आणू."

"आणि दुकानदाराची मुलगी? तिलाही दिवस गेलेत." आत्यानं त्याच्याकडं बघितलं. "तू चांगला आहेस रे. पण गप्प बस."

ती वर आली, नळाची चावी पिळून काढली आणि ओच्यात बांधली. मग शाळेची घंटा वाजवली. माणसं जमली तेव्हा ती टाकीच्या पायरीवर उभी होती, आणि तिनं सांगायला जास्त वेळ घेतला नाही. "पाणी खारं झालंय. कुणी पिऊ नका. चुना माझा होता, करपला. भाचीनं बजावलं होतं, मी ऐकलं नाही. मी म्हणाले होते गळली तर मला धरा. धरा."

कुणी धरलं नाही. कुणीतरी ओरडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. लोक उभे राहिले, मग एकेक करून आपापल्या घरी सामान बांधायला गेले.

भाच्याचा टेम्पो सगळ्यात आधी आला. सून पुढं बसली, पोटावर हात धरून. भाचा खाली उतरला. "आत्या, चल आमच्याबरोबर."

"तिसऱ्या मजल्यावर चुना कुठं भाजू?"

"भाजू नकोस. नुसती बस."

"ते मला येत नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावरची भुकटी झटकायला गेली. तिच्याच हातानं आणखी लागली.

भाची मागं थांबली होती. दोघी भट्टीच्या सावलीत बसल्या.

"बोल की," आत्या म्हणाली. "सांगितलं होतंस तू."

"सांगितलं होतं. पण आत्या, खोटं कशाला बोलू? टाकी चांगली निघाली असती तरी पाणी वर येतंच आहे. दोनचार वर्षं निघाली असती, एवढंच."

आत्यानं वाळूकडं बघितलं. "दोनचार वर्षांत ते पोर ह्या वाळूत चालायला लागलं असतं."

भाचीनं आत्याचा तो बिनरेषांचा हात हातात घेतला आणि दोघी खाडीकडं बघत राहिल्या.

मूल शहरात जन्मलं. मुलगी. धडधाकट आहे, असा निरोप आला. आत्यानं तिला एकदा जाऊन बघितलं. म्हणाली, नाक आमच्या बापाचं आहे, बाकी सगळं शहराचं. आणि परत आली.

आता वस्तीत मोजकी म्हातारी माणसं उरलीत. आम्हाला कुठं जायचंय? पाण्याची गाडी आमच्यासाठी येते, लहर लागली की. दीपगृहाला दरवर्षी पांढरा हात द्यावा लागतो, तेवढ्यासाठी आत्या अजून भट्टी लावते. छोटीशी. मोठ्या उधाणाला पाणी भट्टीच्या तोंडात शिरतं, राख वाहून नेतं. तिला पुन्हा सगळं सुकवावं लागतं. शिंपले शोधायला लांब जावं लागतं. हातात धरले तर बोटांची नखंसुद्धा पलीकडून दिसतात.

पण आता ती ढीग मधेच उचकटते. आग धगधगत असताना लांब चिमट्यानं एक शिंपला बाहेर काढते, पाण्यात टाकते, कान लावून बसते. त्यानं सुसकारा टाकला की तोंड लिंपते, आणि ढीग जिथवर उतरलेला असेल तिथं भिंतीवर कोळशानं रेघ मारते. परवा मी शिडीवर चढून आत डोकावलो. काळा दगड तिथंच आहे. त्याच्या वर एक रेघ, तिच्या वर आणखी एक, तिच्याही वर आणखी. एकही दुसरीला मिळत नाही. शिंपला दर खेपेला पातळ, ढीग दर खेपेला कमी उतरतो.

"ह्यातली खरी कुठली गं?" मी वरूनच विचारलं.

ती खाली चिमटा आगीत धरून उभी होती. तिनं मान वर केली नाही.

"मागल्या खेपेला ती वरची होती," ती म्हणाली. "आजची अजून बघायचीय. उतर खाली, आणि जरा गप्प बस. ऐकू दे मला."